घाटावर लावलेले टायमिंग सपाटीवर

पुण्या-कोल्हापुरात शर्यतीचे इंजिन बांधणाऱ्याला एक गोष्ट चुकत नाही: गाडी तयार होते इथे आणि जोरात पळते तमिळनाडूत. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक १९९०पासून आहे. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे. मारुती ८००चे इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. ट्रेलरवर गाडी चढवून आपली मुले तिकडे जातात. इथे डायनोवर झकास चाललेली गाडी तिथे पहिल्याच सत्रात नॉक करू लागते (ज्योत पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात), मग खापर पेट्रोलवर फुटते. पेट्रोलचा दोष कधीकधी असतोही. पण त्याआधी इग्निशन टायमिंगचा तक्ता उघडून पाहावा.

या लेखात मी हिशेब मांडणार आहे तो तंजावूर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूच्या हवेचा. तंजावूर–पट्टुक्कोट्टै रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. मराठी वाचकाला ते ठाऊक असलेच, तर सरफोजी राजे दुसरे यांनी बांधलेल्या मुक्तांबाळ छत्रामुळे. तिथे रेस ट्रॅक नाही. तरी ते गाव निवडले, कारण इंजिनाच्या बाजूने पाहिले तर ते दख्खनच्या पठाराच्या नेमके उलट टोक आहे: कावेरीच्या मुखाजवळची सपाटी, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या बरेच आत, आणि चैत्र-वैशाखात अंगाची लाही करणारे ऊन. मे महिन्यातल्या ज्या दिवसांना तिकडे अग्निनक्षत्रम म्हणतात, त्या दिवसांत तिथे जे टायमिंग निर्धास्त चालेल ते इरुंगाट्टुकोट्टैलाही चालेल.

आधी मुळाशी जाऊ. ठिणगी पडली की मिश्रणाचा एकदम स्फोट होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे होत नाही. ज्योत प्लगपाशी जन्मते आणि पसरत जाते, तिला वेळ लागतो. सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेनंतर) साधारण १२ ते १६ अंशांवर शिखराला पोचला, तर पिस्टनला सर्वांत चांगला रेटा मिळतो. त्यासाठी ठिणगी आधी टाकावी लागते, आणि ती किती आधी टाकायची हाच सगळा प्रश्न. ७,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८.५७ मिलिसेकंदांत होतो. टीडीसीच्या २८ अंश आधी ठिणगी टाकली आणि दाबाचे शिखर १४ अंशांनंतर आले, तर मधल्या ४२ अंशांना बरोबर एक मिलिसेकंद मिळतो. ३,५०० आरपीएमला २४ अंश ठेवले, तर ठिणगीपासून शिखरापर्यंत सुमारे १.८ मिलिसेकंद जातात. वेग दुप्पट झाला, पण अॅडव्हान्स चारच अंशांनी वाढला. याचे कारण असे की आरपीएम वाढले की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्योतही त्याच मानाने वेगाने पसरते. म्हणून वरच्या आरपीएमला अॅडव्हान्स वाढवतच न्यायचा, हा जुन्या डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) वजनांवरून डोक्यात बसलेला हिशेब सोडून द्यावा. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये फुल थ्रॉटलचा आलेख चार हजारांच्या पुढे जवळजवळ आडवाच होतो.

तो मधे थोडा खालीही बसतो. जिथे टॉर्क सर्वांत जास्त, तिथे सिलिंडर सर्वांत जास्त भरतो, मिश्रण दाट असते, ज्योत लवकर पसरते आणि नॉकची भीतीही तिथेच सर्वांत मोठी असते. तिथे अंश-दोन अंश कमी लागतात. टॉर्कचे शिखर ओलांडले की भरणे कमी होते, नॉकलाही वेळ कमी मिळतो, मग दोन-तीन अंश परत देता येतात. शर्यतीच्या बहुतेक इंजिनांची पिस्टनची कड फुटते ती सात हजारांवर नाही. टॉर्कच्या शिखरापाशी, वळणातून बाहेर पडताना पूर्ण पाय दाबला जातो तेव्हा.

आता घाट आणि सपाटी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, कोल्हापूरही त्याच सुमाराचे. तिथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. कोइमतूर चारशे मीटरच्या आसपास, म्हणजे ९६–९७. ओरत्तनाडू आणि इरुंगाट्टुकोट्टैला शंभरच्या आसपास. पाच किलोपास्कलने काय होते, असे वाटेल. पण बहुतेक स्टँडअलोन ईसीयूंत टायमिंगचा तक्ता मॅनिफोल्डमधल्या दाबावर लिहिलेला असतो. पुण्याच्या डायनोवर टर्बो नसलेल्या इंजिनाने थ्रॉटल पूर्ण उघडला, तरी मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेच्या वर जात नाही. म्हणजे १०० किलोपास्कलची ओळ पुण्यात कधी खऱ्या अर्थाने तपासलीच गेलेली नसते. कोणीतरी ती खालच्या ओळीवरून कॉपी केलेली असते, किंवा ईसीयूबरोबर आलेल्या मूळ मॅपमधली तशीच राहिलेली असते. गाडी सपाटीवर उतरते आणि फुल थ्रॉटलला थेट त्या न तपासलेल्या ओळीवर धावू लागते. सिलिंडरमध्ये पाच टक्के जास्त हवा, त्यात ऊन, आणि टायमिंग कोणाचे ते माहीत नाही. माझ्या मते घाटावरच्या इंजिनांच्या दुखण्याचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत सोपे कारण आहे. ट्रेलर हलवण्यापूर्वी ९५च्या ओळीपेक्षा १००ची ओळ दीड-दोन अंश मागे लिहून ठेवावी. इंधनाचा आकडाही त्या ओळीत हवेच्या मानाने वाढवलेला आहे ना, ते पाहावे.

उदाहरणाला इंजिन घेऊ ते मारुती एस्टीमच्या १२९८ सीसीच्या सोळा व्हॉल्व्हचे. बोर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. जिप्सी किंगला आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टलाही याच घराण्याचे इंजिन होते, त्यामुळे ते हाताळलेले मिस्त्री गावोगाव भेटतात. कॅम बदलून, हेड थोडे घासून ते साडेसात हजारांपर्यंत फिरवले की त्याचे टायमिंग नव्याने लावावेच लागते. कंपनीचा आकडा अशा वेळी फक्त सुरुवातीला उपयोगी.

सुरुवात पान्यापासून करावी, लॅपटॉप नंतर. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे का, टायमिंग बेल्ट ढिला नाही ना, रेडिएटर साफ आहे का, प्लग योग्य हीट रेंजचा आहे का. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये उलटे. दुकानदाराने हातात दिला तो बसवला असे करू नये. मग टीडीसी. क्रँक पुलीवरची खूण खरी आहे असे धरून चालणे धोक्याचे, कारण पुष्कळ पुलींच्या आत रबराचा थर असतो आणि जुन्या पुलीत बाहेरचे कडे त्या रबरावर सरकलेले असू शकते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावा, क्रँक हाताने एका बाजूने टेकेपर्यंत फिरवा आणि पुलीवर खूण करा. मग उलट बाजूने टेकेपर्यंत आणून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. तिथून अंश मोजून पुलीवर पांढऱ्या रंगाने रेघा मारायच्या. पुलीचा व्यास १४० मिमी असेल तर घेर सुमारे ४४० मिमी, म्हणजे एक अंश सव्वा मिलिमीटरच्या किंचित आत आणि १० अंश १२.२ मिमी. कागदाची पट्टी घेराइतकी कापून, तिच्यावर खुणा करून ती पुलीला गुंडाळली की काम नेमके होते. दहा, वीस आणि तीस अंशांच्या रेघा एवढ्याने भागते.

आता ईसीयूमध्ये टायमिंग १५ अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइट धरा. पडद्यावर १५ आणि पुलीवर १२ दिसत असतील, तर ट्रिगरचा ऑफसेट सुधारल्याशिवाय पुढे एक पाऊल टाकू नका. या तीन अंशांच्या चुकीवर उभा केलेला सगळा तक्ता खोटा असतो, आणि तो दुसऱ्याला दिला की त्याचेही इंजिन जाते. त्याच लॉकवर आरपीएम हळूहळू पाच हजारांपर्यंत न्या. खूण सरकू लागली तर सेन्सर आणि कॉइलच्या सिग्नलला होणारा उशीर ईसीयूत भरलेला नाही असे समजा. पन्नास मायक्रोसेकंदांचा उशीर हजार आरपीएमला अंशाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका, तर सात हजारांना दोन अंशांचा होतो. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या वेस्टेड स्पार्क पद्धतीत ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, त्यामुळे मागच्या बाजूला चकती असलेले, अंश फिरवून वाचायचे लाइट चुकीचा आकडा दाखवतात. साधा लाइट आणि पुलीवरच्या रेघा हीच जोडी भरवशाची.

कॉइलकडेही एकदा पाहायला हवे. डेल्कोच्या एकाच कॉइलवर चार सिलिंडर चालत असतील, तर सात हजारांना दोन ठिणग्यांमध्ये ४.३ मिलिसेकंदच मिळतात. बऱ्याच कॉइलना चार्ज व्हायला त्यातले तीन लागतात, बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आणखी. वरच्या आरपीएमला होणारी मिसफायर पुष्कळदा टायमिंगची चूक वाटते. ती कॉइल अर्धवट भरल्याने असते. अल्टरनेटरचे व्होल्टेज तपासा, ड्वेलच्या तक्त्यात व्होल्टेजची सुधारणा भरा, आणि बजेट असेल तर एका प्लगला एक कॉइल करून टाका.

मिश्रण टायमिंगच्या आधी बसवायचे, हा क्रम मोडू नये. फुल थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण) ०.८६ ते ०.९० या दरम्यान स्थिर असल्याशिवाय टायमिंगला हात लावला, तर जे दिसेल ते कशामुळे ते कळणारच नाही. वाइडबँड सेन्सरवर लॅम्डाच वाचावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले की पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या जवळ येते; जुन्या सवयीने एअर-फ्युएलचा आकडा धरणारा माणूस फसतो. लॅम्डा एक म्हणजे एकच, पेट्रोल कोणतेही असो.

मग डायनो. आरपीएम धरून ठेवता येईल अशा लोडवाल्या डायनोवर एकेक थांबा घ्यायचा: अडीच हजार, साडेतीन, साडेचार, असे करत वर. फुल थ्रॉटलची पहिली ओळ मी अशा इंजिनाला अशी लिहीन: १,५०० ला १० अंश, २,५०० ला १६, ४,००० ला २०, ५,००० ला २०, ६,५०० ला २३, ७,५०० ला २४. हे मुद्दाम मागे ठेवलेले, सुरुवातीचे आकडे आहेत. तुमच्या कॉम्प्रेशनला आणि कॅमला ते जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. प्रत्येक थांब्यावर दोन अंशांनी पुढे जा आणि टॉर्क पाहा. आधी तो झटकन वाढेल, मग कमी कमी वाढेल, शेवटी दोन अंश देऊनही जेमतेम एखादा न्यूटन-मीटर मिळेल. तिथे थांबा आणि दोन अंश मागे या. कमीत कमी अॅडव्हान्सवर जास्तीत जास्त टॉर्क देणारी ही जागा, तिलाच ट्यूनर एमबीटी म्हणतात. तिथला टॉर्कचा आलेख डोंगरमाथ्यावरच्या पठारासारखा सपाट असतो. दोन-तीन अंश मागे आल्याने सहसा टक्क्याच्या आतबाहेर टॉर्क जातो. त्या एका टक्क्यासाठी पिस्टन पणाला लावण्यात काही शहाणपण नाही. आणि एमबीटीच्या आधीच नॉक ऐकू आला, तर ती तुमची हद्द: नॉकच्या जागेपासून तीन-चार अंश मागे या आणि टॉर्कचा मोह सोडा. ठिणगी फार उशिरा टाकणेही निर्धोक नसते. ज्वलन एक्झॉस्टपर्यंत लांबते, मॅनिफोल्ड लाल होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, पाणी तापते. 'टायमिंग मागे ठेव, म्हणजे सेफ' हा सल्ला अर्धाच खरा आहे.

अर्ध्या थ्रॉटलचा हिशेब वेगळा. मॅनिफोल्डमध्ये ४० किलोपास्कल असताना मिश्रण विरळ असते, ज्योत रेंगाळते, तिथे ३५ ते ४० अंशही लागतात. त्या भागात फारसा धोका नसतो. घाई न करता लावावे.

नॉक ऐकायचा कसा? मोकळ्या सायलेन्सरची गाडी सात हजारांवर असताना कानाला काही कळत नाही, आणि ज्याला कळते असे वाटते त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ७४ मिलिमीटरच्या बोरमध्ये नॉकचा नाद साडेसात किलोहर्ट्झच्या आसपास असतो. ब्लॉकवर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये सेन्सर बोल्टने घट्ट बसवून त्याला अॅम्प्लिफायर आणि हेडफोन जोडले, की इंजिनाच्या सलग घरघरीतून कोरड्या टाचणीसारखा टक्-टक् आवाज वेगळा निघतो. एकदा कमी आरपीएमला, हलक्या लोडवर मुद्दाम एक-दोन ठोके ऐकून कान तयार करावा, मग वर जावे. दुसरा साक्षीदार प्लग. फुल थ्रॉटलच्या एका पल्ल्यानंतर इंजिन चालू न ठेवता लगेच बंद करा, प्लग काढा, भिंगाखाली पांढऱ्या चिनी मातीवर पाहा. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ते नॉकचे लक्षण; चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते तुमच्या पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे आहेत. प्लगच्या वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली रेघ दिसते. ती बुडाशी, धातूच्या कड्यापर्यंत उतरलेली असेल तर अॅडव्हान्स जास्त होतो आहे.

आता ओरत्तनाडूचे ऊन. बाहेर ३८ अंश असताना गाडी पिटमध्ये दहा मिनिटे उभी राहिली, की बॉनेटखालची हवा साठ-सत्तरला पोचते. डायनोवर पंखा लावून पहिल्या पल्ल्यात लावलेले टायमिंग इथे टिकत नाही. म्हणून हवेच्या तापमानाचा तक्ता भरायचा: ४० अंशांपर्यंत काही वजा नाही, ५०ला दीड ते दोन, ६०ला तीन-चार, ७०ला पाच-सहा अंश मागे. हीही सुरुवातच, पुढे लॉग पाहून दुरुस्त करावी. सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या तापलेल्या धातूत खुपसलेला नसावा, वाहत्या हवेत असावा, नाहीतर तो हवेचे तापमान सांगण्याऐवजी धातूचे सांगतो. आणि हवा आत घेणारी नळी रेडिएटरच्या मागे उघडत असेल तर आधी ती पुढे काढा. एका पत्र्याच्या आडोशाने जे साधते ते तक्त्याने साधत नाही. दमटपणाची भीती मात्र बाळगू नये. हवेतल्या वाफेने ज्वलन किंचित मंदावते आणि नॉक थोडा लांबतो. त्या मुलखात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या परतीच्या पावसात इंजिन मे महिन्यापेक्षा एखादा अंश जास्त सहज सोसते.

पेट्रोलच्या बाबतीत एकच नियम: तालुक्याच्या गावी जे पंपावर मिळते, त्यावर तुमचा मूळ मॅप उभा असला पाहिजे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये एक्सपी १०० बाजारात आणले, ते पुण्यात मिळते म्हणून त्यावर मॅप लिहिला आणि ओरत्तनाडूला साध्या पेट्रोलने टाकी भरली, तर सगळे मुसळ केरात. १०० ऑक्टेनचा मॅप वेगळ्या नावाने, वेगळ्या स्विचवर ठेवा. साधे आणि शंभरचे अर्धे-अर्धे मिसळून मधला अंदाज बांधू नये.

तिकडच्या ट्रॅकवर पोचल्यावर पहिल्या दिवसाचे काम थोडकेच आहे. इंजिन बंद असताना, चावी चालू करून ईसीयूत हवेचा दाब वाचा; तो शंभरच्या जवळ असेल तर तक्त्याची कोणती ओळ वापरली जाणार ते कळले. तीन अंश मागे टाकून पहिले सत्र काढा, लॉग काढा, प्लग पाहा. दुसऱ्या सत्रापासून एकेक अंश परत द्या, तेही फक्त ज्या खान्यात नॉक नाही तिथे. अंतिम आकडा ठरवायचा तो दुपारच्या सत्रात, सलग तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर, इंजिन पूर्ण तापल्यावर. सकाळी सातला मिळालेली ताकद दुपारी कामाला येत नाही.

आणि सगळे लिहून ठेवा. सरफोजी राजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, चित्रांसकट, तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत: उपचारापूर्वी डोळा कसा होता, नंतर कसा झाला. इंजिनालाही असेच टिपण हवे. तारीख, जागा, हवेचा दाब, तापमान, कोणत्या पंपाचे कोणते पेट्रोल, कोणत्या आरपीएमला किती अंश, प्लगचा फोटो. आपल्याकडचे चांगले मिस्त्री हे सगळे डोक्यात ठेवतात, आणि मिस्त्री गॅरेज सोडून गेला की त्याच्याबरोबर वीस वर्षांचे ज्ञान जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते. वहीला पन्नास रुपये लागतात.

हे सगळे ट्रॅकसाठी, डायनोसाठी. तंजावूर–पट्टुक्कोट्टै रस्त्यावर, शाळकरी मुले आणि भाताने भरलेले ट्रॅक्टर यांच्यामधून मॅप तपासायला निघू नये. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करण्यावर कलम ५२चे बंधन आहे. शर्यतीची गाडी ट्रेलरवरूनच न्या, देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे लायसन्स काढा आणि सराव सत्राची फी भरा.

शर्यत संपवून घाट चढलात की सपाटीवर तपासलेली १००ची ओळ पुसू नका. तिच्यात दुरुस्त झालेले अंश ९५च्या ओळीशी ताडून पाहा. दोन ओळींत चार अंशांपेक्षा जास्त फरक निघाला, तर दोहोंपैकी एक चुकलेली आहे; पुढच्या वेळी डायनोवर जाल तेव्हा तिथूनच काम सुरू करा.